कृत्रिम बुद्धिमत्ता, आपल्या मुली आणि दहावीचे गणित

(सोसायटीच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सत्काराच्या कार्यक्रमात व्याख्यात्याने थोडक्यात आटोपावे असा संकेत आहे. गुलाबपुष्प, प्रमाणपत्र आणि आई-वडिलांच्या डोळ्यांतील पाणी यांपुढे कोणतेही भाषण फिके पडते, हे आम्ही जाणून आहोत. तरीही आज आम्ही थोडा अधिक वेळ घेणार आहोत. हा विषय आम्ही पदाधिकाऱ्यांकडून मागून घेतला आहे आणि त्यामागे आमचीच एक जुनी चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

१९९७ साली आपल्या सोसायटीने सभागृहामागच्या खोलीत संगणक वर्ग सुरू केला. वर्गणी काढून दोन जुने संगणक घेतले. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि पुढे फॉक्सप्रो असा अभ्यासक्रम होता. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या, खिडकीला जाड पडदा, आणि वर्ग संपला की दोन्ही यंत्रांवर घरून आणलेली धुतलेली चादर टाकायची. आज हसू येते, पण त्या वेळी त्या खोलीत शिरताना छाती भरून येत असे. शिकवणारे तरुण नोकरी करून येत, म्हणून वर्गाची वेळ आम्ही संध्याकाळी सात ते नऊ अशी ठेवली. वर्षअखेर हजेरीपट पाहिला तर मुली बोटांवर मोजण्याइतक्या. कार्यकारिणीच्या सभेत आम्ही अहवाल ठेवला : "मुलींचा प्रतिसाद अल्प आहे." इतिवृत्ताच्या वहीत हे वाक्य आजही आमच्या अक्षरात आहे.

सात वाजता मुलगी चुलीपाशी किंवा नळापाशी असते आणि रात्री नऊला तिला गल्लीतून एकटीने परतावे लागते, हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? आमच्या स्वतःच्या घरात ते रोज दिसत होते. पण वेळ ठरवायला बसलेल्या सात जणांत एकही बाई नव्हती, त्यामुळे ते कोणाला सुचलेच नाही. ज्या दोन-तीन मुली आल्या, त्याही मुलांच्या खुर्चीमागे उभ्या राहून पाहत. कळफलकावर त्यांचा हात क्वचितच पडला असेल. दोष मुलींच्या प्रतिसादाचा नव्हता, वेळापत्रकाचा होता, हे उमगायला आम्हांला बरीच वर्षे लागली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने तसाच प्रसंग पुन्हा आला आहे, म्हणून हे बोलणे.

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द नवा वाटला तरी त्याचे वय आपल्यापैकी ज्येष्ठ सभासदांइतके आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात काही गणितज्ञ व शास्त्रज्ञ एकत्र आले. त्या बैठकीसाठी आदल्या वर्षी जो प्रस्ताव लिहिला गेला, त्यात हे नाव आले. घराघरांत मात्र ते पोचले नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर. आज आपली मुले त्याच्याकडून निबंध लिहून घेतात. (ते वाचताना शिक्षकांना कळत नाही, असा मुलांचा समज आहे. तो चुकीचा आहे.)

यंत्र शिकते म्हणजे काय करते, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. बाजारात कलिंगड विकणारी बाई टिचकी मारून सांगते, हे पिकले, हे कच्चे. समजा, आपण अशा दहा हजार टिचक्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि प्रत्येकापुढे त्या बाईने सांगितलेले उत्तर लिहिले. यंत्राच्या आत असंख्य आकडे असतात. ते आवाज घेते, आकड्यांची गुणाकार-बेरीज करते आणि अंदाज सांगते. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित हलवले जातात, म्हणजे पुढच्या खेपेस चूक थोडी कमी व्हावी. असे लाखो वेळा घडले की यंत्र नवे कलिंगडही ओळखू लागते. आता नीट पाहा. यंत्राला कलिंगडाची चव ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ते त्या बाईने दिलेले उत्तर. बाईच्या जागी ज्याने कधी कलिंगड कापलेच नाही असा माणूस बसवला, तर यंत्र त्याच्या चुका मन लावून शिकेल. आणि आतले आकडे कोणत्या बाजूला किती हलवायचे, हे ज्या शास्त्राने ठरते त्याचे नाव गणित. आमच्या आजच्या बोलण्यातील दोन्ही गोष्टी येथे आल्या : उत्तर कोण लिहिते, आणि आकडे कोण हलवतो.

उत्तर लिहिणारे एकाच साच्यातले असले म्हणजे काय होते, याचा दाखला अमेरिकेतील आहे. जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय तरुणी एमआयटी या संस्थेत संशोधन करीत होती. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीपुढे ती बसली, तर यंत्राला तिचा चेहराच दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा मात्र तो दिसला! पुढे तिने टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रीसह याचा रीतसर अभ्यास केला. आफ्रिका व युरोपातील सहा देशांच्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे घेतली आणि तीन कंपन्यांच्या प्रणालींना विचारले, ही बाई की पुरुष? २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या प्रणाली सुधारल्या, म्हणजे सुधारणे शक्य होते. तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते, इतकेच. आमच्या सात ते नऊच्या वर्गासारखेच ते. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळण्याकरिता ॲमेझॉन कंपनीने एक प्रणाली घडवली होती. ती मागील दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकली, आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी अर्जात 'महिलांचा' अशा अर्थाचा शब्द दिसला की यंत्र त्या अर्जाला खाली ढकलू लागले. कंपनीला ते काम सोडून द्यावे लागले.

तेव्हा कोणी म्हणेल की मुलींना या क्षेत्रात आणा म्हणजे त्यांना चांगला पगार मिळेल. पगार मिळावाच. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, उद्या कर्जाचे, नोकरीचे, रुग्णालयातील तपासणीचे निर्णय अशा यंत्रांच्या सल्ल्याने होतील. ती यंत्रे घडवणाऱ्यांच्या खोलीत आपले कोणी नसेल, तर आपला चेहरा कोणाला दिसणार?

मुलींना हे झेपणार नाही असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. एनिॲक हा जगातील आरंभीचा विजेवर चालणारा मोठा संगणक अमेरिकेत १९४५ मध्ये तयार झाला. त्याला कामाला लावण्याची जबाबदारी सहा स्त्रियांवर होती. पुस्तक नाही, शिकवणारे नाही, केवळ आराखडे पाहून त्यांनी ते यंत्र समजून घेतले. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ते यशस्वी झाले ते या स्त्रियांच्या कामामुळे, पण रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण त्यांना नव्हते. त्यांची नावे लोकांसमोर यायला पुढे कित्येक दशके गेली. संगणकाचा कार्यक्रम लिहिणे हे त्या काळी कारकुनी काम समजले जाई, म्हणून ते बायकांकडे दिले होते. त्यात मान आणि पैसा आहे असे कळल्यावर ते काम पुरुषांचे झाले. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील व्यावसायिकांत स्त्रियांचे प्रमाण २२ टक्के होते.

येथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटते. फेई-फेई ली ही चिनी मुलगी अमेरिकेत आली, तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. इंग्रजी धड येत नव्हते. घरची परिस्थिती ओढाताणीची. पुढे या कुटुंबाने कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान घातले आणि प्रिन्स्टनसारख्या नामांकित विद्यापीठात शिकत असतानाही ही मुलगी सुटीच्या दिवशी गल्ल्यावर बसत असे. न्यू जर्सीतील तिच्या शाळेत बॉब सॅबेला नावाचे गणिताचे शिक्षक होते. शाळेत न शिकवले जाणारे वरच्या पातळीचे गणित त्यांनी तिला जेवणाच्या सुटीत शिकवले. पुढे हीच मुलगी संशोधक झाली. यंत्राला जग दाखवायचे तर चित्रे मुबलक हवीत, असे तिने ठरवले आणि 'इमेजनेट' नावाचा प्रचंड चित्रसंग्रह उभारला : सुमारे दीड कोटी चित्रे, २२,००० वर्गांत लावलेली. २००९ साली तो जगापुढे आला आणि २०१२ मध्ये त्याच संग्रहावर घेतलेल्या स्पर्धेतून आजच्या लाटेची सुरुवात झाली. २०१५ साली तिने आपली विद्यार्थिनी ओल्गा रुसाकोव्स्की हिच्यासह स्टॅनफर्ड विद्यापीठात शाळकरी मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यातूनच २०१७ मध्ये 'एआय फॉर ऑल' ही संस्था निघाली. जेवणाच्या सुटीतील ते गणित किती दूर गेले पाहा.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती दीड कोटी चित्रे कोणी पाहिली? हे मांजर, ही खुर्ची, असे कोणी लिहिले? १६७ देशांतील जवळजवळ पन्नास हजार माणसांनी, घरबसल्या, चित्रामागे काही पैसे घेऊन. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आज हा मोठा व्यवसाय झाला आहे. कोलकात्याच्या मेटियाब्रुझ भागात आयमेरिट कंपनीच्या केंद्रात वस्तीतील मुली हे काम करतात. पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावकऱ्यांनी मोबाईलवर मराठी वाक्ये वाचून यंत्राला शिकवण्यासाठी आपले आवाज दिले आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला. बंगळूरची 'कार्या' ही संस्था अशा कामाला ताशी सुमारे पाच डॉलर देते. उलट केनियातील कामगारांना अत्यंत किळसवाणा मजकूर वाचून वेगळा काढण्याचे काम ताशी दोन डॉलरांहून कमी दराने करावे लागले, हे २०२३ मध्ये उघडकीस आले.

या कामाला आम्ही हलके म्हणणार नाही. ज्या घरात दुसरी आवक नाही, तेथे तो आधार आहे, आणि कलिंगडवालीचे ज्ञानही ज्ञानच आहे. आमची धास्ती निराळी आहे. लेबल लावणारी मुलगी आपल्या वस्तीतील, आणि कोणती लेबले असावीत हे ठरवणारा कोणी दूरचा, अशी वाटणी कायमची होऊन बसू नये. पहिल्या पायरीवर पाय ठेवायला हरकत नाही, पण जिना वर जातो हे मुलीला दिसले पाहिजे.

तो जिना कोठे तुटतो, हे आम्ही इतकी वर्षे विद्यार्थ्यांचे अर्ज भरताना पाहिले आहे. तो दहावीनंतरच्या जून महिन्यात तुटतो. "गणित सोड, टक्के वाढतील." "मुलीच्या जातीला बायॉलॉजी बरी." "आर्ट्स घे, लवकर नोकरी लागेल." ही वाक्ये सांगणारे कोणी शत्रू नसतात. ती आत्या असते, शेजारचे काका असतात, कधी शाळेतले गुरुजीही असतात. आणि सोळा वर्षांची मुलगी एका रकान्यात खूण करून मोकळी होते. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेश सीईटीच्या पीसीएम गटातून होतो आणि त्यात गणित आहेच. म्हणजे त्या एका खुणेने ते दार लागले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या दहावीच्या गणित भाग १ ची अनुक्रमणिका उघडा. दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. शेवटची दोन प्रकरणे घाईत उरकली जातात, 'गुणांपुरती' शिकवली जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा पायाच संभाव्यता आणि सांख्यिकी आहे! पहिल्या प्रकरणातील समीकरणे पुढे बारावीत मॅट्रिक्स होऊन येतात. त्याला कलनशास्त्राची जोड मिळाली की कलिंगडाच्या यंत्रातील आकडे कसे हलतात ते समजू लागते. हे गणित अवघड नाही असे आम्ही म्हणणार नाही. अवघड आहे. पण ते दैवी देणगी असलेल्यांसाठीच आहे, ही समजूत मात्र खोटी आहे. सरावाने येते. स्वयंपाक येतो तसे, आणि तो तर मुलांनाही येतो, शिकवला तर.

आपल्याच वस्तीतील एका मुलीचे उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. दहावीला गणितात चांगले गुण होते. वडील रिक्षा चालवतात. त्याच वर्षी घरात कर्ज काढून लॅपटॉप आला, तो थोरल्या भावासाठी. तिला आईचा मोबाईल मिळे, तोही रात्री सगळे निजल्यावर. तिने अकरावीला गणित सोडले, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, परत जाता येतं का?" वडिलांना आम्ही भेटलो. ते म्हणाले, "दोघांना दोन लॅपटॉप घ्यायची ऐपत असती तर मी भेद केला असता का?" त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. भेद त्यांनी केला होता, आणि ऐपतही नव्हती. दोन्ही खरे होते.

परत जाण्याची एक वाट सापडली. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असावे लागते. चार आठवड्यांचा अभ्यास, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा, ती पार केली की प्रवेश. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत आहे. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास मुभा दिली आहे, त्यामुळे बी.ए. सोडावे लागत नाही. शिकवणे इंग्रजीतून आहे, ही अडचण खरी. मुलीने पात्रता परीक्षेसाठी नाव घातले आहे. दुपारी दोन ते पाच ती आपल्या अभ्यासिकेतील संगणकावर बसते. निकाल काय लागेल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

जे विज्ञान शाखेत आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, आयआयटीत मुलींचे प्रमाण २०१६ च्या सुमारास केवळ आठ टक्के होते. २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. मोफत शिकायचे तर 'स्वयम्' आणि 'एनपीटीईएल' यांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. 'तीन महिन्यांत एआय तज्ज्ञ, नोकरीची हमी' अशा फलकांपासून मात्र सावध राहा. २००० सालच्या आसपास आपल्या भागातील एका खासगी संगणक संस्थेने वर्षाचे शुल्क आगाऊ घेतले आणि चार महिन्यांत शटर ओढले. त्यात मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेले पैसेही होते.

नोकरीची हमी आम्हीही देत नाही. साधा कार्यक्रम लिहिण्याचे काम आता यंत्रच करू लागले आहे, त्यामुळे नवख्यांना मिळणारी कामे कमी होतील अशी भीती जाणकार बोलून दाखवतात. म्हणूनच नुसती एखादी संगणक भाषा घोकण्यापेक्षा पाया पक्का हवा, आणि त्याच्या जोडीला एखाद्या विषयाची खरी ओळख हवी. परिचर्या शिकणाऱ्या मुलींनी हे विशेष ऐकावे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा आजार छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली गूगलने बनवली. ती उत्तम चालत होती. पुढे थायलंडमधील दवाखान्यांत नेली, तर पाचातील एकाहून अधिक छायाचित्रे यंत्राने 'अस्पष्ट' म्हणून परत केली, कारण खोलीत पुरेसा अंधार करण्याची सोय तेथे नव्हती. हे तेथील परिचारिकेला पहिल्या दिवशीच ठाऊक असणार. तिला आधी विचारले असते तर? अशी परिचारिका जिला थोडे सांख्यिकीही येते, तिची या क्षेत्राला फार गरज आहे.

आपल्या भाषेचेही तसेच. पुण्यात एलथ्रीक्यूब या गटातील महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनींनी २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट वाचून त्यांतील भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे नोंदवले आणि तो संग्रह सर्वांसाठी खुला केला. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुला-मुलींनी केलेले काम आहे हे. मराठीतील टोमणा यंत्राला अजून नीट कळत नाही, असा आमचा अनुभव आहे. आपल्या आज्या तो शिकवू शकतील.

तर, सोसायटीने अभ्यासिकेत नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी गणिताचा आणि पायथन या संगणक भाषेचा विनामूल्य वर्ग सुरू करण्याचे ठरवले आहे. चार संगणक आहेत. निम्म्या जागा मुलींच्या, आणि खुर्चीवर बसायची पाळी लिहून ठेवली जाईल, म्हणजे मागे उभे राहून पाहणे कोणाच्याच वाट्याला येणार नाही. समितीत या वेळी चार महिला सभासद आहेत. वर्गाची वेळ आम्ही ठरवलेली नाही. नावनोंदणीच्या वहीत नाव, इयत्ता आणि सोयीची वेळ असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना आधी मुलींनी आणि त्यांच्या आयांनी भरावा. तो पाहून समिती दिवस व वेळ जाहीर करील. वही बाहेरच्या दाराजवळील टेबलावर ठेवली आहे. पेन दोरीने बांधलेले आहे, ते कृपया कोणी नेऊ नये.